आधी पायाशी बघा



आम्ही आंबोलीच्या एका बचत गटातल्या बाया. पावसाळ्यात येणाऱ्या पाहुण्यांना आम्ही जेवू घालतो, आणि कुणाला हौस असली तर संध्याकाळी रानाच्या वाटेनं फिरवूनही आणतो. गाडीतून उतरल्या उतरल्या पाहुणे विचारतात, "मावशी, वाघ दिसेल का हो?" आम्ही हसतो. आमचं रान सदाहरित, पावसाचं. पाल्याची एवढी दाटी की दहा पावलांवर उभा असलेला गवासुद्धा दिसत नाही. इथं हमखास भेटणारी मंडळी बोटा-दोन बोटांएवढी असतात आणि बहुतेक पायाशीच असतात. आजच्या गप्पा त्यांच्याबद्दल.

पहिली भेट जळूची. ती चिकटली की शहरातल्या मुली किंचाळतात. अगं, घाबरायचं काय त्यात? ओढून काढू नका. तिच्या तोंडापाशी नख सरकवा, सुटते ती. तिच्या लाळेमुळं रक्त लवकर गोठत नाही, म्हणून थोडा वेळ वाहतं. जखम धुवा, फडक्यानं दाबून धरा. पूर्वी आम्ही मिठाची पुरचुंडी द्यायचो. पण ते मीठ खाली ओल्या पाल्यावर सांडतं आणि बेडकांची कातडी नाजूक, त्यांना ते बाधतं. म्हणून आता मीठ बंद.

दुसरा चापडा. हा विषारी साप झुडपाच्या फांदीवर तासन् तास निश्चल बसतो. कधी हिरवा, कधी तपकिरी, कधी पिवळट. त्यामुळं पान कुठलं आणि साप कुठला, कळत नाही. तो अंगावर धावून येत नाही. आपणच आधारासाठी फांदी धरायला जातो आणि फसतो. म्हणून हात लावण्याआधी बॅटरीचा उजेड टाका. फोटोसाठी काडीनं डिवचू नका. आपल्याकडे मिळणारं सापाच्या विषावरचं इंजेक्शन नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांसाठी बनवलेलं आहे, चापड्यासाठी नाही. तरीही चावलाच, तर कापाकापी नको, आवळून बांधणं नको. हातपाय न हलवता थेट दवाखाना गाठायचा.

तिसरी आमची लाडकी, उडती बेडकी. अंग हिरवंगार आणि बोटांमधले पडदे लालभडक. पाण्यावर झुकलेल्या पानाला ती पाय घुसळून घुसळून फेस काढते, अगदी आपण ताक घुसळतो तशी, आणि त्या फेसात अंडी ठेवते. पिल्लं झाली की टपाटप खालच्या पाण्यात पडतात. कुणीतरी साबणाचा फेस टाकलाय असं वाटून पाहुणे काठीनं तो पाडतात. एका काठीत अख्खं बाळंतघर जातं, बायांनो.

आता चौथ्याची गोष्ट, आणि ती सांगताना आमची मान खाली जाते. सड्यावरच्या कातळात पहिल्या पावसाची उथळ डबकी साचतात. तिथं एक छोटा भेक अंडी घालतो. अंगावर वाघासारखे पट्टे आणि आकार बोटाच्या दोन पेरांएवढा. 2009 साली शास्त्रज्ञांनी त्याची नवीन जात म्हणून नोंद केली. तो आंबोलीच्या आसपासच सापडतो आणि जगातल्या अतिसंकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत आहे. पाहुणे विचारत होते तो वाघ आमच्या दारातच होता म्हणायचा!

आमची जेवणाची शेड सड्याला लागून. गाड्या आम्ही सड्यावरच लावून घ्यायचो, गाडीमागं वीस रुपये. एका जूनमध्ये आमच्यातली एक जण संध्याकाळी भांडी घासायला बाहेर गेली आणि हाका मारू लागली. चाकांच्या चाकोरीतल्या गढूळ पाण्यात चिरडलेली पिल्लं होती. शेजारच्या डबक्यात जिवंत होती, काळी, मोहरीसारखी वळवळत. आम्ही सगळ्या बॅटऱ्या घेऊन तिथं उभ्या राहिलो. कुणी काही बोललं नाही.

बोलणं झालं ते दुसऱ्या दिवशी, आणि भांडणच झालं. एक म्हणाली, "वीस रुपयांत माझ्या पोराची वही येते." तिचं खोटं नव्हतं. शेवटी सड्याच्या कडेला दगड मांडले, त्यांना चुना फासला. गाड्या आता खाली रस्त्याकडेला राहतात. पाऊस झोडपत असला की काही पाहुणे चालायला नको म्हणून पुढं निघून जातात. तेवढं नुकसान आम्ही धरून चाललोय.

मैत्रिणींनो, पावसाळ्यात याल ना? मग एवढं करा. रात्री घाटात गाडी हळू चालवा, कारण पावसात बेडूक रस्त्यावर येतात. सड्यावर डबकं दिसलं तर वळसा घाला. हिरण्यकेशीच्या कुंडात साबण लावू नका. तिथं राहणाऱ्या इवल्या देवाच्या माशामुळं 2021 साली ती जागा जैवविविधता वारसा स्थळ झाली. आणि कुठल्याही वाटाड्याला "उचलून दाखव" म्हणून जास्त पैसे देऊ नका. पैशाच्या गरजेपोटी आम्हीही दगड उलटून दाखवलेत. तुम्ही मागितलं नाहीत, तर आम्हाला नाही म्हणायला सोपं जातं.

या, गरम भाकरी वाढतो. चपला शेडपाशी काढा, आणि पाऊल टाकण्याआधी खाली बघा.