चौकटीतला माळ

लांडग्याचे जे फोटो सध्या सगळीकडे फिरतात, त्यांत लांडगा असतो आणि बाकी काहीच नसतं. मोठ्या लेन्सने चेहरा भरून घेतलेला, पिवळे डोळे लखलखीत, आणि मागचं सगळं धूसर. फोटो देखणा होतो, यात शंका नाही. पण जे धूसर झालं, तेच आज वाचवायला हवं आहे.

सोलापूर, पुणे, अहिल्यानगर, सातारा या जिल्ह्यांच्या कोरड्या पट्ट्यातली माळरानं आपण पाहतो. कागदोपत्री त्यांतली पुष्कळशी जमीन पडीक. पडीक म्हटलं की कुणी मुरूम काढतं, कुणी सौरपट्ट्या बसवतं, आणि चांगल्या हेतूने आलेली मंडळी झाडं लावतात. मला या शेवटच्या गोष्टीची सर्वांत जास्त काळजी वाटते, कारण तिला कुणी विरोध करत नाही. गिरिपुष्प आणि सुबाभूळ दाटली की चिंकाऱ्याला लांबचं दिसत नाही, जमिनीवर घरटं करणाऱ्या पक्ष्यांचा माळ मोडतो.

याच पट्ट्यातलं, सोलापूरजवळच्या नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ सालचं. माळढोकाचा नर पंधरा किलोपर्यंत भरतो, मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडं घालते. उडताना या पक्ष्याला नेमकं समोरचं नीट दिसत नाही, जड अंगामुळे ऐनवेळी वळता येत नाही, म्हणून तो विजेच्या तारांवर आदळतो. आज नान्नजला माळढोक दिसणं अत्यंत दुर्मीळ झालं आहे. अशा वेळी जुन्या फोटोंत मी पक्ष्याआधी त्याच्या पायाखालचं पाहतो: गवत किती उंच होतं, झुडपं किती होती, क्षितिजावर खांब होते का. नुसत्या चेहऱ्याच्या फोटोतून यातलं काहीही कळत नाही.

म्हणून माझं सांगणं, प्राणी चौकटीत लहान राहू द्या. एकाच बांधावरून तोच माळ श्रावणात घ्या, मार्गशीर्षात पिकलेल्या गवताचा घ्या, चैत्रात उघडा पडलेला घ्या. मेंढरं घेऊन जाणारा धनगर आला तर त्याला टाळू नका. लांडगा त्याची मेंढी उचलतो, तरी या माळावर दोघं पिढ्यान्‌पिढ्या एकत्र राहिले आहेत.

धाविक पक्ष्याची अंडी पाहिलीत? उन्हाळ्यात, उघड्या जमिनीवर, खड्यांमध्ये दोन-तीन. मातकट रंगावर काळसर ठिपके. पाऊल पडेपर्यंत दिसत नाहीत. आपण जवळ उभे राहिलो की पक्षी उठतो आणि अंडी उन्हात तापतात. गाडी माळावर घातली तर चाकाखालीच जातात. घरट्याचा फोटो घेऊ नये, हे माझं ठाम मत आहे. लांडग्याच्या बिळाचाही नाही. आणि नेमकं ठिकाण समाजमाध्यमांवर टाकू नये. तालुका आणि महिना पुरे.

मग हे फोटो दाखवायचे कुणाला? स्पर्धेच्या परीक्षकांना खुशाल दाखवा. पण त्याआधी मोठ्या आकारात छापून त्याच गावच्या शाळेत लावा, ग्रामसभेत ठेवा, वनखात्याच्या परिक्षेत्र कार्यालयात द्या. आणि हे सगळं उन्हाळा संपायच्या आत करा, कारण वृक्षारोपणाचे खड्डे पावसाळ्याआधी खणले जातात.