विधिमंडळातील बाबासाहेब : मतांचा हिशेब आणि कामाचा हिशेब

(मंडळाच्या वार्षिक कार्यक्रमात विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



डॉ. बाबासाहेब आंबेडकर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे महाडचे तळे येते, राज्यघटना येते, नागपूरची दीक्षाभूमी येते. परंतु मुंबई प्रांताच्या विधिमंडळाचे सभासद म्हणून, म्हणजे आजच्या भाषेत आमदार म्हणून, त्यांनी १९२७ ते १९३९ या काळात जे काम केले, त्याची चर्चा आपल्या सभांतून फारशी होत नाही. आपले शिकलेले तरुण पुष्कळदा विचारतात, "आपली संख्या थोडी, आपले उमेदवार पडतात, मग सभागृहात जाऊन उपयोग काय?" या प्रश्नाचे उत्तर बाबासाहेबांच्या त्या कारकिर्दीत सापडते. म्हणून आज मी तेवढ्याच विषयावर बोलणार आहे.

पहिली गोष्ट अशी, की बाबासाहेब विधिमंडळात प्रथम निवडून गेले नव्हते. मुंबईच्या गव्हर्नरांनी त्यांची नेमणूक केली आणि फेब्रुवारी १९२७ मध्ये त्यांनी कौन्सिलच्या सभासदत्वाची शपथ घेतली. त्यांच्याबरोबर डॉ. सोळंकी हेही नेमलेले सभासद होते. नेमलेला सभासद सरकारच्या मर्जीने वागतो, असा त्या काळी समज होता. बाबासाहेबांनी तो खोटा ठरविला. त्यांनी अंदाजपत्रकावर टीका केली, जमीन महसुलाचा भार गरीब शेतकऱ्यावर कसा पडतो हे दाखविले आणि मागासलेल्या वर्गाच्या शिक्षणावर सरकार किती थोडा खर्च करते याचा जाब विचारला.

सभासद झाल्यावर महिन्याभरातच, मार्च १९२७ मध्ये, महाडचा सत्याग्रह झाला. या दोन घटनांचा संबंध विद्यार्थ्यांनी नीट समजून घ्यावा. सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात, असा ठराव रावबहादूर सी. के. बोले यांनी १९२३ मध्ये याच कौन्सिलात मांडून मंजूर करून घेतला होता. त्यानुसार महाड नगरपालिकेने तळे खुले केल्याचे जाहीरही केले. पण ठराव कागदावर राहिला. तो पाण्यापर्यंत नेण्यासाठी हजारो माणसांना चवदार तळ्यावर चालत जावे लागले, मार खावा लागला आणि पुढे कोर्टात दहा वर्षे झगडावे लागले. हायकोर्टाचा अनुकूल निकाल मार्च १९३७ मध्ये लागला. सभागृहातील ठरावामागे बाहेरची चळवळ नसेल तर तो निर्जीव राहतो, आणि चळवळीला ठरावाचा आधार असला की तिचे बळ वाढते, हा धडा येथे मिळतो.

आता वतनाचा प्रश्न घ्या. महार वतनदाराने थोड्याशा जमिनीच्या आणि बलुत्याच्या मोबदल्यात रात्रंदिवस सरकारची आणि गावाची कामे करावयाची, अशी ती पद्धत होती. नाव वतनाचे, पण प्रत्यक्षात वेठ. १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ मध्ये विधेयक मांडले. सिलेक्ट कमिटीत त्याचा मूळ हेतूच हरवला, तेव्हा १९२९ मध्ये त्यांनी ते परत घेतले. पराभव झाला खरा, पण प्रश्न सरकारच्या दप्तरात नोंदला गेला आणि गावोगावच्या परिषदांत चर्चिला गेला. त्याच १९२८ साली गिरण्यांतील स्त्रियांना बाळंतपणाच्या रजेत भत्ता मिळावा या विधेयकाला त्यांनी पाठिंबा दिला, आणि १९२९ मध्ये मुंबई प्रांतात तो कायदा झालाही.

आता निवडणुकीकडे वळू. ऑगस्ट १९३६ मध्ये बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला. १९३५ च्या कायद्यानुसार फेब्रुवारी १९३७ मध्ये निवडणुका झाल्या. पक्षाने १७ उमेदवार उभे केले, त्यांपैकी १४ निवडून आले. स्वतः बाबासाहेब मुंबईतील भायखळा-परळ मतदारसंघातून उभे होते. त्यांच्याविरुद्ध काँग्रेसने विख्यात क्रिकेटपटू पाळवणकर बाळू यांना उभे केले. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेणारा, अस्पृश्य समाजातूनच वर आलेला हा कर्तबगार माणूस. बाबासाहेबांना १३,२४५ आणि बाळूंना ११,२२५ मते पडली. फरक २,०२० मतांचा.

हे आकडे वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवा. त्या वेळी प्रत्येक प्रौढ माणसाला मत नव्हते. मालमत्ता, कर, भाडे किंवा शिक्षण यांची अट होती, त्यामुळे ज्यांच्यासाठी बाबासाहेब लढत होते त्यांतील बहुसंख्य लोक मतदानकेंद्राच्या बाहेरच होते. दुसरे म्हणजे मुंबई प्रांतात, जितक्या जागा तितकी मते, आणि ती सर्व मते एकाच उमेदवाराला देण्याची मुभा होती. अल्पसंख्य मतदाराने मते विखुरली तर तो बुडणार आणि एकवटली तर तरणार. आपल्या चळवळीला शिस्तीची गरज का असते, हे याहून सोप्या रीतीने सांगता येणार नाही.

निवडून आल्यावर सप्टेंबर १९३७ मध्ये त्यांनी कोकणातील खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. खोतांच्या जाचाखाली कुणबी, आगरी, महार असे सर्वच कसणारे होते. जानेवारी १९३८ मध्ये हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कौन्सिल हॉलवर आला. तरीही विधेयक मंजूर झाले नाही. पुढे सरकारने कामगारांच्या संपाच्या हक्कावर बंधने घालणारे विधेयक आणले. बाबासाहेबांनी सभागृहात त्याला कसून विरोध केला आणि ७ नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबईत संप झाला. बहुमताच्या जोरावर तो कायदाही पास झाला.

त्यानंतरचा निवडणुकांचा हिशेब तर अधिकच कडू आहे. १९४६ च्या प्रांतिक निवडणुकांत शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा दारुण पराभव झाला. घटनासमितीत जाण्यासाठी बाबासाहेबांना जोगेंद्रनाथ मंडल यांच्या साहाय्याने बंगालमधून निवडून यावे लागले. फाळणीमुळे ती जागा गेली, तेव्हा १९४७ मध्ये ते मुंबई प्रांतातून पुन्हा निवडले गेले. पहिल्या लोकसभा निवडणुकीत, ज्या राज्यघटनेच्या मसुदा समितीचे ते अध्यक्ष होते त्याच घटनेनुसार झालेल्या निवडणुकीत, उत्तर मुंबईतून काँग्रेसचे काजरोळकर यांनी त्यांचा पराभव केला. १९५४ मध्ये भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीतही ते पडले.

मित्रांनो, केवळ हा मतांचा तक्ता पाहणारा म्हणेल, की जय थोडे आणि पराजय पुष्कळ. पण शेजारी कामाचा तक्ता मांडा. ज्या खोतीचे विधेयक १९३७ मध्ये अडले, तिच्या उच्चाटनाचा कायदा १९४९ मध्ये झाला. जे वतन १९२८ मध्ये हटले नाही, ते १९५८ च्या कायद्याने गेले. तो दिवस पाहावयास बाबासाहेब नव्हते. विधेयक पडले म्हणून मागणी पडत नाही. ती मांडणारा अभ्यासू सभासद हवा आणि ती जिवंत ठेवणारे लोक हवेत. यांपैकी एक नसेल तर दुसऱ्याचे श्रम वाया जातात.

तेव्हा विद्यार्थ्यांना माझी दोन कामांची विनंती आहे. महाराष्ट्र शासनाने १९८२ मध्ये बाबासाहेबांची विधिमंडळातील भाषणे त्यांच्या लेखन-भाषणांच्या दुसऱ्या खंडात प्रसिद्ध केली आहेत. तो इंग्रजी खंड उघडा आणि एक तरी भाषण शब्दकोश जवळ घेऊन वाचा. माणूस किती तयारी करून सभागृहात उभा राहत असे, हे कळेल. दुसरे, तुमच्या मतदारसंघाचा आमदार किती मतांनी निवडून आला हे तुम्हांस तोंडपाठ असते. त्याने वर्षात किती प्रश्न विचारले, कोणत्या विधेयकावर काय बोलला, हेही शोधून काढा आणि त्याला समक्ष विचारा. मत देऊन आपले कर्तव्य संपत नाही, तेथून ते सुरू होते.