ओढण्याचे बळ आणि थांबण्याचे बळ

(वाहनमालक व वाहनचालक यांच्यापुढे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



घाटात बंद पडलेली एक मोटार, तिच्यापुढे उभी केलेली एखाद्या आप्तेष्टाची छोटी एसयूव्ही, दोहोंच्या मध्ये बांधलेला नायलॉनचा दोर आणि ‘सावकाश खाली नेऊ, पायथ्याशी गॅरेज आहे’ असा दिलासा. हे दृश्य मोलेकडे उतरणाऱ्या अनमोड घाटातून किंवा सत्तरीत उतरणाऱ्या चोर्ला घाटातून ये-जा करणाऱ्यांस अपरिचित नाही. रस्त्यावरच्या बोलीत यास ‘टोचन’ म्हणतात. मदत करणाऱ्याच्या सद्‌हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु अशा वेळी ‘ही गाडी एवढे वजन ओढील काय?’ इतकाच प्रश्न विचारला जातो आणि नेमका तोच प्रश्न अपुरा असतो. ओढलेले वजन वेळेवर थांबेल काय, हा त्याहून महत्त्वाचा प्रश्न होय. माणसांचे प्राण या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असतात.

छोट्या एसयूव्हीविषयीचा गैरसमज तिच्या रूपातून उद्‌भवतो. २००६ साली केंद्रीय अर्थसंकल्पात छोट्या मोटारींवरील अबकारी कर २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणण्यात आला. लांबी ४ मीटरपेक्षा अधिक नसावी, तसेच पेट्रोल इंजिन १,२०० घनसेंटिमीटरच्या व डिझेल इंजिन १,५०० घनसेंटिमीटरच्या मर्यादेत असावे, अशी त्या सवलतीची अट होती. पुढे २०१३ सालची फोर्ड इकोस्पोर्ट, २०१६ सालची मारुती व्हिटारा ब्रेझा आणि २०१७ सालची टाटा नेक्सॉन या गाड्या याच मापात बसविल्या गेल्या व लोकप्रिय झाल्या. उंच बांधा आणि रुंद चाके यांमुळे त्या जीपच्या कुळातील भासतात. वस्तुतः जुन्या जीपखाली असे तशी पोलादी चौकट त्यांच्याखाली नसते. त्यांचा सांगाडा व बाह्यांग एकसंध असते आणि इंजिनाचे बळ बहुधा पुढील दोन चाकांस मिळते. माणसे व त्यांचे सामान वाहून नेणे हे त्यांचे योजिलेले कार्य आहे. त्या कार्यात त्या कोठेही उण्या नाहीत. मात्र त्यांच्या रूपावरून त्यांची ओढ ठरविणे योग्य नव्हे.

ओढण्याची मर्यादा केवळ इंजिनाच्या अश्वशक्तीवर ठरत नाही, याचे बोलके उदाहरण अमेरिकेत आढळते. तेथे २०१९ सालापासून विकल्या गेलेल्या टोयोटा आरएव्ही-४ या गाडीच्या पिढीत साध्या पेट्रोल प्रकारास १,५०० पौंड, म्हणजे सुमारे ६८० किलोग्रॅम, एवढीच ओढ मान्य होती. त्याच गाडीच्या ‘ॲडव्हेंचर’ या प्रकारास मात्र ३,५०० पौंड, म्हणजे सुमारे १,५९० किलोग्रॅम, मान्य होते. दोहोंचे इंजिन एकच, अडीच लिटरचे. मग फरक कशाचा? दुसऱ्या प्रकारात अधिक क्षमतेचा रेडिएटर आणि इंजिन व गिअरपेटी यांचे तेल थंड ठेवणारी जादा उपकरणे बसविलेली होती. बळ तेच, पण ते बळ वापरताना निर्माण होणारी उष्णता बाहेर टाकण्याची सोय वेगळी. आणि तेवढ्याने मर्यादा दुपटीहून अधिक वाढली.

ही उष्णतेची परीक्षा कशी घेतात, तेही समजून घेण्याजोगे आहे. ॲरिझोना राज्यात डेव्हिस धरणाजवळून निघणारा सुमारे १८ किलोमीटरचा एक लांबच लांब चढ आहे. अमेरिकी अभियंत्यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या मानकानुसार, हवेचे तापमान सुमारे ३८ अंश सेल्सियस वा अधिक असताना, वातानुकूलन पूर्ण चालू ठेवून, मागे पूर्ण वजनाचा ट्रेलर जोडून हा चढ चढावा लागतो. साध्या गाडीचा वेग ताशी ४० मैलांच्या, म्हणजे ६४ किलोमीटरच्या खाली जाता कामा नये आणि कोणताही भाग निकामी होता कामा नये. मात्र या परीक्षेत गाडीत चालक व एक सहप्रवासी एवढीच माणसे धरलेली असतात. ज्या गाडीत पाच माणसे, त्यांच्या पेट्या आणि टपावर आणखी सामान आहे, तिच्यासाठी पुस्तिकेतील आकडा तेवढ्याच प्रमाणात उतरतो, हे ध्यानी घेणे अगत्याचे आहे.

दुसरे उदाहरण ब्रेकसंबंधीचे असून ते आपल्या देशाशी निगडित आहे. हरियाणातील गुरुग्राम येथे तयार होणारी पाच दारांची सुझुकी जिम्नी ऑस्ट्रेलियात निर्यात झाली. तेथे तिला मान्य असलेली ओढ अशी : ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असल्यास १,३०० किलोग्रॅम, नसल्यास केवळ ३५० किलोग्रॅम. गाडी तीच, इंजिन तेच, पोलादी चौकटही तीच. जो फरक आहे तो मागील वजन स्वतःहून थांबण्यास साहाय्य करते की नाही, एवढाच. युरोपातही हेच तत्त्व मानले जाते. ब्रेक नसलेला ट्रेलर ७५० किलोग्रॅमपेक्षा जड असता कामा नये आणि ओढणाऱ्या गाडीच्या वजनाच्या निम्म्याहून अधिक असता कामा नये, असा तेथील दंडक आहे.

आता आपल्या घाटाकडे वळू. गाडी व तिच्यामागील वजन मिळून २,००० किलोग्रॅम आहे आणि ५०० मीटर उंची उतरावयाची आहे, असे समजा. या उतारात जी ऊर्जा मोकळी होते तिने सामान्य तापमानाचे सुमारे ३२ लिटर पाणी उकळीस येईल. हवेचा व चाकांचा विरोध तिचा काही अंश घेतो. उरलेली ऊर्जा इंजिनाच्या अडसराने किंवा ब्रेकच्या घर्षणाने शोषली जावी लागते. चालकाने गाडी वरच्या गिअरमध्ये ठेवून सतत ब्रेकवर पाय दाबून धरला, तर ही सारी उष्णता ब्रेकमध्ये साठत जाते, पॅडची पकड मंदावते आणि अखेर पाय दाबूनही गाडी आवरत नाही. शिवाय वेग ताशी ६० वरून ८० किलोमीटर झाला, तर गाडीतील गतिज ऊर्जा पावणेदोन पटींहून अधिक होते. म्हणून चढताना जो गिअर लागला असता, त्याच खालच्या गिअरमध्ये उतरावे, हा जुन्या चालकांचा नियम आजही तितकाच खरा आहे.

ट्रेलरवर वजन कसे ठेवावे, हे बैलगाडी हाकणाऱ्यास वेगळे सांगावे लागत नाही. भार मागे गेला की गाडी उलाळते. फार पुढे आला की बैलांच्या मानेवर येतो. ट्रेलरचेही तसेच आहे. मागे अधिक वजन पडल्यास ट्रेलर वेगात डावी-उजवीकडे झोके घेऊ लागतो आणि पुढील गाडीची शेपटी हलवितो. पुढे फार झाल्यास गाडीचा मागील भाग दबून पुढील चाके हलकी होतात. आणि पुढील चाकांवर चालणाऱ्या छोट्या गाडीत पकड, वळण व बहुतांश ब्रेक त्याच चाकांवर विसंबून असतात. जोडाच्या ठिकाणी पडणारा भार ब्रिटनमध्ये ट्रेलरच्या वजनाच्या ५ ते ७ टक्के, तर अमेरिकेत १० ते १५ टक्के असावा, असे सांगतात. कोणते प्रमाण लागू आहे, हे त्या त्या गाडीच्या पुस्तिकेवरून ठरवावे.

सर्वांत मोठा धोका मात्र आरंभी वर्णिलेल्या दोराच्या टोचनात आहे. दोर ओढू शकतो, रोखू शकत नाही. उतारावर तो सैल पडतो आणि मागील गाडी थांबविण्याचा सारा भार मागील चालकाच्या पायावर येतो. इंजिन बंद असल्यामुळे ब्रेकला साहाय्य करणारा दाब दोन-तीन वेळा पाय मारताच संपतो. त्यानंतर पायपट्टी दगडासारखी घट्ट लागते. सुकाणूही जड होते आणि किल्ली काढली असल्यास ते अडकूनच बसते. छोटी मोटारसुद्धा हजार किलोग्रॅमच्या आसपास असते. म्हणजे ब्रेक नसलेल्या ट्रेलरसाठी जिम्नीस मान्य असलेल्या वजनाच्या जवळजवळ तिप्पट. मागील चालकाचा पाय चुकला, तर हे वजन पुढील गाडीवर आदळते. आणि त्या गाडीच्या मागील आसनावर बहुधा मुले बसलेली असतात.

या धोक्यांची जाणीव नियमकर्त्यांना पूर्वीपासून आहे. १९८९ सालच्या रस्तावापराच्या नियमांनी टोचनाच्या वेळी दोन वाहनांतील अंतर ५ मीटरपेक्षा अधिक नसावे, वेग मर्यादित असावा आणि मागील वाहनाच्या सुकाणूवर परवानाधारक व्यक्ती असावी, असे दंडक घातले होते. २०१७ साली त्या नियमांची जागा नव्या वाहनचालन विनियमांनी घेतली. ट्रेलरच्या बाबतीत तर १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार स्वतंत्र नोंदणी आवश्यक आहे. बाजारातून हूक आणून बंपरखाली जोडला, म्हणजे गाडीस ट्रेलर ओढण्याची पात्रता आली, असे होत नाही. भारतात विकल्या जाणाऱ्या काही छोट्या गाड्यांच्या पुस्तिकांत ही गाडी ट्रेलर ओढण्यासाठी बनविलेली नाही, असे स्पष्ट छापलेले असते. जेथे तसे छापले आहे तेथे मर्यादा शून्य समजावी.

यावरून वाहनधारकांनी पुढील गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात. पुस्तिकेतील ओढीचे प्रकरण गरज पडण्यापूर्वी, घरी बसून वाचावे. घाटात गाडी बंद पडल्यास ती कडेस घ्यावी, चाकांखाली दगड लावावेत, धोक्याचा त्रिकोण मागे ठेवावा, माणसांस कठड्यापलीकडे सुरक्षित जागी उभे करावे आणि गाडी संपूर्ण उचलून नेणारे वाहन बोलवावे. आपोआप गिअर बदलणाऱ्या किंवा चारही चाकांवर चालणाऱ्या गाडीस तर दोर बांधूच नये. तिची चालणारी चाके जमिनीवर फिरत राहिल्यास गिअरपेटीची हानी होते. टोचन अगदीच अटळ ठरले, तर ते सपाट रस्त्यावर, थोड्या अंतरापुरते आणि रिकाम्या गाड्यांनी करावे.

उचलून नेणाऱ्या वाहनाचे भाडे पुष्कळांना जड वाटते आणि दोर फुकट असतो, हे खरे आहे. परंतु उतारावर त्या दोराची किंमत कोण मोजतो, याचा विचार गाठ मारण्यापूर्वी व्हावा. आप्तेष्टांच्या मदतीस धावून जाणे हा आपल्या समाजाचा गुण आहे. त्या गुणास आपल्या वाहनाच्या मर्यादेच्या ज्ञानाची जोड मिळाली, तर मदत करणारा आणि मदत घेणारा असे दोघेही सुखरूप घरी पोहोचतील.