प्लोझेव्हेत: मोजून काढलेलं गाव

फ्रान्सच्या पश्चिम टोकाला, ब्रिटनीच्या फिनिस्तेर जिल्ह्यात प्लोझेव्हेत नावाचं गाव आहे. समुद्रकाठचं, मधे चर्चभोवती वस्ती आणि बाकी शेताशेतांतून विखुरलेल्या वाड्या. 1960च्या सुमारास लोकसंख्या साडेतीन हजारांच्या वर. म्हातारीकोतारी माणसं ब्रेटन बोलत. ही केल्टिक भाषा. फ्रेंचशी तिचं नातं शेजाराचं, रक्ताचं नव्हे.

1961 ते 1965 या काळात शंभरएक संशोधक या गावात येऊन गेले. मानववंशशास्त्रज्ञ रोबेर झेसँ यांची मूळ कल्पना अशी, की इथले लोक पिढ्यान्‌पिढ्या आपापसात लग्नं करतात, म्हणून या भागात जन्मतः खुबा निखळण्याचा विकार जास्त आढळतो. तर ही 'बंदिस्त' लोकसंख्या तपासावी. मग डॉक्टर आले, इतिहासकार आले, भूगोलवाले आले. रक्त तपासलं, वंशावळी लिहिल्या, शेतं मोजली. कुठल्याही गावाला इतकं सोसावं लागू नये!

1965 साली समाजशास्त्रज्ञ एदगार मोरँ तिथे राहिले, आणि त्यांना दिसलं ते बंदिस्त गाव नव्हतंच. गावात दोन तट होते: 'लाल' म्हणजे प्रजासत्ताकवादी, सरकारी शाळेच्या बाजूचे, 'पांढरे' म्हणजे चर्चच्या बाजूचे. लालांनी पोरांना शिकवलं, शिक्षक केलं, नोकऱ्यांना धाडलं. त्या शिक्षणाची भाषा अर्थातच फ्रेंच. पूर्वी ब्रिटनीतल्या शाळांतून ब्रेटन बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात लाकडी खडावा अडकवत. पण माझ्या मते नुसत्या शिक्षेनं ब्रेटन एवढी मागे पडली नसती.

खरा निर्णय घराघरांत झाला, आणि तो बायकांनी केला. मोरँचं हे निरीक्षण मला सर्वांत मोलाचं वाटतं. चिखलातलं घर, गुरांचं शेण आणि सासूचा अंमल मुलींना नको होता. शेतकऱ्याशी लग्न करायला त्या तयार होईनात. नळाचं पाणी, न्हाणीघर, पगारी नवरा हवा होता. त्यांच्यातल्या ज्या आया झाल्या, त्या आपसात ब्रेटन बोलत आणि लेकराकडे वळून फ्रेंच. त्यांना दोष कोण देईल? पोर सुखी व्हावं एवढंच त्यांना हवं होतं.

मोरँच्या 1967च्या पुस्तकात गावाचं नाव बदलून 'प्लोदेमेत' केलं होतं. असल्या पडद्याआड गाव लपतं थोडंच! लोक ओळखले गेले आणि दुखावलेही. 1975 साली इतिहासकार आंद्रे ब्युर्गिएर यांनी साऱ्या संशोधनाचं सार मांडलं. त्याच वर्षी शेजारच्या पुलद्रोझिकचे पिएर-झाकेझ एलियास यांनी आपल्या बालपणाचं पुस्तक फ्रेंचमध्ये आणलं, आणि ते लाखांनी खपलं. मला वाटतं, मोजमापाच्या साऱ्या अहवालांपेक्षा त्यानं जास्त माणसांना तिथलं जगणं दाखवलं.

आज प्लोझेव्हेतची वस्ती तीन हजारांच्या आसपास आहे. एवढ्या आकाराच्या गावांत दर पाच वर्षांनी जनगणना होते: वय, घर, काम, कामाला जायचं वाहन, सगळं विचारतात. भाषा मात्र विचारत नाहीत. आपल्याकडे मातृभाषेचा रकाना असतो. फ्रान्समध्ये नागरिक एकच, भाषाही एकच, अशी धारणा. म्हणून ब्रेटन बोलणारे किती, हे वेगळ्या पाहणीतूनच कळतं. 1950च्या सुमारास दहा लाखांच्या वर. 2024च्या पाहणीत सुमारे 1,07,000. 1977 पासून 'दिवान'च्या ब्रेटन शाळा चालल्या आहेत. त्यांतून येणारी बहुतेक मुलं ही भाषा वर्गात शिकलेली आहेत, चुलीपाशी नव्हे.