डोंगरउतारावरची भाकरी



क्षेत्र महाबळेश्वराविषयी बोलायला युनियनवाल्याला का बोलावले, असे आपणांपैकी काहींना वाटेल. आम्हालाही वाटले. इतिहास आपण जाणताच. साडेचार हजार फुटांवरचे हे जुने गाव, पंचगंगेचे देऊळ, कृष्णा-कोयनेचे उगम; १६६५ साली शिवाजी महाराजांनी जिजाऊंची सुवर्णतुला केली ती इथेच. त्यावर विद्वान बोलतील. आम्ही शाळा लवकर सोडलेली माणसे. आम्ही भाकरीवर बोलतो.

इथे पाऊस दोनशे इंचांवर पडतो. भात सखल खाचरांत. उतारावर नाचणी आणि वरी. पाचोळा, कवळ टाकून राब भाजायचा, रोपे करायची, मग भर पावसात पाठीवर इरले घेऊन बायांनी ओणव्याने ती लावायची. पुढे कणसे खुडणे, झोडणे, पाखडणे आणि जाते. नाचणीचा दाणा कीड न लागता वर्षानुवर्षे टिकतो. म्हणून कणगीतली नाचणी हीच गरिबाची पेढी. पिठाची उकड काढून थापलेली भाकरी, कुळथाचे पिठले, रात्रभर आंबवलेल्या पिठाची ताकातली आंबील. एवढ्यावर माणूस दिवसभर डोंगर चढतो.

पण डोंगराने सगळ्यांना पोसले नाही. या डोंगरांतली, जावळी खोऱ्यातली पोरे मुंबईला गेली, गिरण्यांत लागली, बाजारात पाठीवर पोती वाहू लागली. १९६९ साली माथाडी कायदा झाला तो अशाच पाठींच्या बळावर. आणि खरे सांगतो, आमच्या उमेदीच्या वर्षांत खानावळीत बसून गावाकडची काळपट भाकरी आम्ही फडक्याखाली झाकून खात असू. कुणी हसेल म्हणून! आणि हसणारे हसलेही.

पुढे २०२३ हे वर्ष जगभर भरडधान्यांचे म्हणून साजरे झाले. आज तीच भाकरी हॉटेलच्या पाटीवर मानाने मिरवते. आनंद आहे. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचाही आहे. ते फळ बाहेरून आलेले असले तरी राबणारे हात इथलेच.

गेल्या खेपेस गावाकडे एका म्हातारीला आम्ही हॉटेलातल्या भाकरीचा भाव मोठ्या उत्साहाने सांगितला. ती शेणाचे हात धूत होती. म्हणाली, "ह्यात लावणीची मजुरी कितीक धरलीया, बाबा?"

मजुरीचे करार करण्यात आमचा जन्म गेला. तिला सांगायला आमच्याजवळ आकडा नव्हता.