बोअरच्या कर्जाआधी जमिनीखालचा हिशेब

 

आजचा विषय ऐकून काही जणी म्हणतील, हे काही आपल्या कामाचं नाही. जमिनीखाली तेल आणि गॅस किती आहे, तो कसा सरकतो, याचं गणित मांडणाऱ्या सॉफ्टवेअरबद्दल आम्ही बोलणार आहोत. तेल आणि सॉफ्टवेअर हे शब्द अमळनेरला तसे परके नाहीत. १९४५ साली आपल्या अमळनेरात वनस्पती तुपाचा कारखाना निघाला, तीच कंपनी पुढे विप्रो या नावानं सॉफ्टवेअरमध्ये जगभर पोचली. पण आजचं तेल खाण्याचं नाही, खडकातलं आहे. आणि त्या तेलापासून आम्हाला यायचं आहे ते आपल्या गटाच्या बैठकीपर्यंत. कारण विहिरी तळाला जायला लागल्या की बैठकीत एक मागणी हमखास येते: "ताई, बोअरसाठी कर्ज पाहिजे."

आधी समुद्रात जाऊ. मुंबईपासून साधारण १६० किलोमीटरवर अरबी समुद्रात 'मुंबई हाय' नावाचं तेलक्षेत्र आहे. १९७४ च्या फेब्रुवारीत 'सागर सम्राट' या खोदयंत्रानं तिथं समुद्राच्या तळाखाली विहीर खणली आणि तेल लागलं. १९७६ पासून ओएनजीसी तिथून तेल काढते आहे. तिथला गॅस नळानं उरणला येतो, आणि त्यातूनच आपल्या सिलिंडरमध्ये असतो तसा स्वयंपाकाचा गॅस वेगळा काढतात.

आता एक गैरसमज दूर करू. जमिनीखाली तेलाचं तळं नसतं. मुंबई हायचं तेल चुनखडीच्या खडकात आहे. कोरडी वीट पाण्यात टाकली की ती पाणी पिते. वीट घट्टच दिसते, पण तिच्या बारीक छिद्रांत पाणी बसलेलं असतं. तसंच तेल खडकाच्या छिद्रांत बसलेलं असतं. म्हणून दोन प्रश्न विचारावे लागतात. एक, खडकात मावतं किती? दुसरा, त्यातून सरकतं किती सहज? काही खडकात भरपूर मावतं, पण छिद्रं एकमेकांना जोडलेली नसतात, मग ते बाहेर येत नाही. काहींत थोडंच मावतं, पण भेगा असतात, त्यातून ते भरकन येतं आणि भरकन संपतं.

समुद्रात एक विहीर खणायची म्हणजे कोट्यवधी रुपये. खाली उतरून कुणी पाहू शकत नाही. मग ठरवायचं कसं? त्यासाठी कॉम्प्युटरवर त्या खडकाची एक प्रतिकृती करतात. तिलाच मॉडेल म्हणतात.

मॉडेल कसं करतात ते गोधडीवरून समजेल. आपण गोधडी शिवतो तेव्हा ठिगळाशेजारी ठिगळ जोडतो. कुठे कापड जाड, कुठे पातळ, कुठे विणीचं, कुठे सुती. मॉडेलमध्येही खडकाचे हजारो, कधी लाखो चौकोनी तुकडे पाडतात, आणि तेही थरावर थर. प्रत्येक तुकड्याला त्याची माहिती देतात: छिद्रं किती, सरकणं किती सहज, दाब किती, तेल किती, पाणी किती. ही माहिती विहिरी खणताना वर आलेल्या खडकाच्या नमुन्यांतून आणि जमिनीत कंप सोडून घेतलेल्या नोंदींतून मिळते. मग कॉम्प्युटर हिशेब करतो, की या तुकड्यातून शेजारच्या तुकड्यात आज किती सरकलं, उद्या किती सरकेल, दहा वर्षांनी काय उरेल.

पण मैत्रिणींनो, नुसतं चित्र काढून कुणी त्यावर भरवसा ठेवत नाही. आधी ताळा जमवावा लागतो. हा शब्द आपल्याला चांगला माहीत आहे. गटाची कॅश बुक आणि बँकेचं पासबुक जुळलं नाही तर आपण बैठक संपवत नाही. तिथंही तसंच. मॉडेलला म्हणतात, तू आधी मागची वीस वर्षं सांग. कुठल्या विहिरीतून कुठल्या वर्षी किती तेल आलं, दाब किती उतरला? मॉडेलचं उत्तर आणि विहिरीवरच्या खऱ्या नोंदी जुळल्या तरच पुढच्या वर्षांचं त्याचं बोलणं ऐकायचं. नाही जुळल्या तर कुठल्या तुकड्याची माहिती चुकली ते शोधायचं. असल्या कामासाठी ओएनजीसीची एक स्वतंत्र संस्था १९७८ पासून अहमदाबादला आहे. त्या सगळ्या हुशारीच्या मुळाशी काय आहे? वर्षानुवर्षं न चुकता लिहिलेल्या नोंदी. नोंद नसेल तर कितीही महागडं सॉफ्टवेअर आंधळं.

अशा हिशेबातून तेलवाले एक गोष्ट शिकले. घाईनं उपसलं की नुकसान होतं. दाब झपाट्यानं उतरतो, खालचं पाणी विहिरीत शिरतं, आणि पुष्कळ तेल खडकातच अडकून राहतं. म्हणून मुंबई हायमध्ये दाब टिकवायला समुद्राचं पाणी खडकात भरतात. म्हणजे काढायचं, तसं भरायचंही.

आता आपल्या शिवारात येऊ. जमिनीखालचं पाणीही असंच खडकाच्या छिद्रांत आणि भेगांत असतं, आणि त्याच नियमानं सरकतं. हा नियम १८५६ साली फ्रान्समधल्या दिजों शहराचे इंजिनिअर आंरी दार्सी यांनी मांडला. ते शहराच्या पाणीपुरवठ्याचं काम पाहत होते. वाळू भरलेल्या नळातून पाणी सोडून त्यांनी मोजमाप केलं, आणि दाबातला फरक, अंतर आणि वाळूचा प्रकार यांवरून किती पाणी पाझरेल याचा हिशेब बसवला. म्हणजे पाण्याचा नियम आधी आला, तेलवाल्यांनी तो नंतर घेतला. भूजलासाठी 'मॉडफ्लो' नावाचं सॉफ्टवेअर अमेरिकेच्या सरकारी भूशास्त्र खात्यानं १९८४ मध्ये काढलं आणि ते फुकट मिळतं. आपल्या देशातही केंद्रीय भूजल मंडळानं २०१२ पासून जमिनीखालच्या पाणीधारक थरांचे नकाशे करायला घेतले.

आपल्या तालुक्यात जमीन दोन तऱ्हेची आहे. तापीकाठी गाळाचा जाड थर आहे, माती, वाळू, रेती यांचा. दक्षिणेकडे बोरीच्या वरच्या अंगाला गेलं की मुरमाखाली काळा पाषाण लागतो. गाळात पाणी जास्त मावतं. पाषाणात ते फक्त वरच्या मुरमात आणि भेगांत असतं. म्हणून बायका विचारतात, "शेजारच्याच्या बोअरला पाणी लागलं, शंभर फुटांवर माझं कोरडं कसं?" त्याला भेग सापडली, तुम्हाला नाही सापडली, इतकंच.

आता कागद-पेन घ्या, एक गणित करू. समजा वर्षाला ६०० मिलिमीटर पाऊस पडला. एका एकरावर तो होतो साधारण २४ लाख लिटर. ऐकायला केवढा! पण त्यातला बराचसा वाहून जातो, उन्हानं उडतो, पिकं पितात. भूजलाच्या सरकारी हिशेबात काळ्या पाषाणाच्या भागात पावसाच्या ७ ते १३ टक्के पाणी खाली मुरतं असं धरतात, आणि नदीकाठच्या गाळात २२ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे पाषाणाच्या भागात एकरी पावणेदोन ते तीन लाख लिटर, गाळाच्या भागात पाच लाखांच्या थोडं वर.

आता पिकाकडून मोजू. एका एकराला पाच सेंटिमीटरचं एक पाणी दिलं तर लागतात दोन लाख लिटर. म्हणजे पाषाणाच्या भागात वर्षभराच्या पावसातून एका एकरात जे मुरलं, ते एक ते दीड पाण्यात संपलं. गव्हाला सहा पाणी द्यायची तर बारा लाख लिटर लागतात. ते चार ते सात एकरांवर मुरलेलं पाणी झालं. थोडं पाणी परत जमिनीत जातं, नाल्याचा आणि बंधाऱ्याचा पाझर मिळतो, हे खरं. पण हिशेबाचा अंदाज यातून कळतो. आपली बोअर फक्त आपल्या बांधाच्या आतलं पाणी ओढत नाही. ती शेजारणीचंही ओढते, आणि गावाच्या पिण्याच्या विहिरीचंही ओढू शकते. ती विहीर आटली की हंडा घेऊन कोण निघतं, ते आम्ही सांगायला नको. आपल्या आज्या-पणज्या काळ्या जमिनीत नुसत्या ओलीवर दादर घ्यायच्या, तीही या हिशेबातूनच.

म्हणून बोअरचं कर्ज हा एका घराचा प्रश्न राहत नाही. समजा गटानं एका ताईला ६०,००० रुपये दिले आणि बोअर कोरडी गेली. पाणी नाही, पण हप्ता दर महिन्याला येतोच. ती ताई बैठकीला यायला लाजते, बचत थांबते, आणि बाकीच्या बाया एकमेकींकडे पाहतात. पाणी लागलं पण दोन वर्षांत आटलं, तरी तेच. मग कुणी म्हणतं, अजून शंभर फूट खाली जाऊ. त्यालाही पुन्हा कर्ज.

मग सॉफ्टवेअर सांगेल का, कुठे खोदायचं? इथे आम्ही स्पष्ट बोलतो. नाही सांगणार. भूजलाच्या मॉडेलचा एकेक तुकडा बऱ्याचदा कित्येक एकरांचा असतो. ते गावाचा हिशेब सांगतं: येतं किती, जातं किती, असंच उपसत राहिलो तर पातळी कुठे जाईल, पाडळसरे धरणात पाणी साठलं तर काठच्या विहिरींना किती पाझर मिळेल. तुमच्या बांधावर कुठल्या जागी भेग आहे, हे त्याला दिसत नाही. त्यासाठी जागेवर भूवैज्ञानिकाकडून विजेच्या यंत्रानं तपासणी करावी लागते, आणि तीही अंदाजच देते. नारळ फिरवून जागा दाखवणाऱ्या पाणाड्याकडे तर मागच्या नोंदींचा ताळाच नसतो. त्याच्या किती जागा लागल्या आणि किती कोरड्या गेल्या, हे कुणी लिहून ठेवलेलं नसतं.

पण गावाचा हिशेब मांडायला आपल्याकडे काय आहे? राज्याची भूजल सर्वेक्षण यंत्रणा ठरवलेल्या निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजते: जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये. प्रत्येक गावात अशी विहीर नसते. ती कमी आपण भरून काढू शकतो. लागतो एक टेप, किंवा दगड बांधलेली सुतळी, आणि एक वही.

प्रत्येक ग्रामसंघानं गावातल्या तीन-चार उघड्या विहिरी निवडाव्यात. एक वरच्या अंगाची, एक मधली, एक खालच्या अंगाची, आणि जमली तर एक पडीक, जिच्यावर मोटर नाही. काठावर ऑइलपेंटनं खूण करायची. दर महिन्याच्या एकाच तारखेला, सकाळी मोटर सुरू व्हायच्या आधी, त्या खुणेपासून पाण्यापर्यंत किती फूट, ते मोजायचं आणि लिहायचं. टेप एकीनं धरायची, आकडा दुसरीनं वाचायचा. त्याच वहीत पाऊस, गावातल्या चालू बोअरची संख्या आणि हिवाळ्यात कुठलं पीक किती एकर, हेही लिहायचं. दोन पावसाळे पूर्ण झाले की त्या वहीतून गावाची चाल दिसू लागते. दर ऑक्टोबरला पाणी मागच्या ऑक्टोबरपेक्षा खाली जात असेल, तर गाव मुद्दल खात आहे. जिल्ह्याच्या भूजल कार्यालयात वरिष्ठ भूवैज्ञानिक असतात, त्यांच्यासमोर ही वही ठेवा. मॉडेल करणाऱ्याला हवी असते ती अशीच ओळीनं लिहिलेली नोंद.

आणि बोअरचं कर्ज मंजूर करण्याआधी बैठकीत तीन प्रश्न विचारायचे, असा ठराव लिहून ठेवा. पहिला, जवळच्या विहिरींची पातळी दोन वर्षांत कुठे गेली? दुसरा, या पाण्यावर कुठलं पीक, आणि त्याला किती पाणी? ठिबक बसणार असेल तर किती वाचेल? तिसरा, काढणार तेवढं भरायचं कसं? बांधबंदिस्ती, शेततळं, नाल्याचा गाळ काढणं, छपराचं पाणी जुन्या विहिरीत सोडणं, यातलं काय करणार? उत्तरं बरी असतील तर जरूर द्या कर्ज. नसतील तर तेच पैसे जुनी विहीर साफ करायला, ठिबकला, किंवा दोन शेळ्यांना द्या. मागणी करणाऱ्या ताईला नाही म्हणायला जड जातं, आम्हाला माहीत आहे. पण वही समोर असली की नाही कुणी एकीनं म्हणत नाही, आकडा म्हणतो.

तेलाचं आणि पाण्याचं एक मोठं अंतर शेवटी सांगतो. खडकातलं तेल व्हायला लाखो वर्षं लागतात, काढलं की गेलं. पाणी मात्र दर पावसाळ्यात परत येतं, थोडं का होईना. मुंबई हायच्या विहिरीत पाऊस पडत नाही, आपल्या विहिरीत पडतो. पण किती आला, किती गेला, हे मोजलं नाही तर तेही तेलासारखंच संपेल.

येत्या बैठकीत विहिरी निवडा, मोजणाऱ्या दोघींची नावं ठरवा, आणि वहीचं पहिलं पान लिहून टाका.