नाकाचे आढे

इंग्रजी फौजेत बैल हाकणारा कावसजी हा मराठा शेतकरी १७९२ च्या युद्धात टिपूच्या हाती सापडला. त्याचे नाक व एक हात तोडण्यात आला. पुढे पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्या जातीतील एका जाणत्याने कपाळाची त्वचा वळवून त्याला नवे नाक दिले. ही हकीकत १७९४ साली लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझीन’मध्ये छापली गेली आणि १८१४ साली कार्प्यू यांनी तशीच शस्त्रक्रिया लंडनमध्ये केली.

हे कौतुक रास्तच. परंतु ते त्वचेचे कौतुक होय. आढे मोडलेल्या घरावर कितीही नवे छप्पर घातले तरी ते खचणारच. आघाताने वा रोगाने नाकाचे हाड नाहीसे झाले, तर नुसती कातडी आक्रसून बसते, आणि तोंड लपविणारा मनुष्य तोंड लपवीतच राहतो.

हे आढे रोग्याच्याच शरीरातून घेणे उत्तम. बर्लिनच्या जेम्स इस्रायल यांनी १८९६ साली नडगीच्या हाडाची कांडी वापरल्याचे प्रसिद्ध केले. पुढे कमरेचे, बरगडीचे आणि कवटीच्या बाहेरच्या थराचे हाड उपयोगात आले. बसविलेले हाड आहे तसे टिकत नाही. ते हळूहळू विरते व त्याच्याच आधाराने नवे हाड घडते. म्हणून त्याचे वरचे टोक कपाळाच्या खरवडलेल्या, जिवंत हाडाला भिडवून स्क्रूने पक्के करतात. ते हलत राहिले, की झिजून जाते. शेंड्याला मात्र हाड नको. तेथे ताठपणा त्रासाचाच. कानाची किंवा बरगडीची लवचीक कूर्चाच बरी.